चालते संगणक भंगारात काढण्याआधी: नाशिकमधील एका शिक्षण संस्थेच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

आपल्या संस्थेच्या शाळांमधील संगणक कक्षांविषयी मंडळाने केलेल्या ठरावाचे परिपत्रक पालकांच्या हाती आले आहे. त्यानुसार सर्व जुने संगणक निर्लेखित करून, म्हणजे नोंदीतून काढून, विकले जाणार आहेत, त्यांच्या जागी विंडोज ११ असलेले नवे संगणक येणार आहेत आणि त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याकडून ‘संगणक निधी’ घेतला जाणार आहे. ज्या दोन शाळांत गेली काही वर्षे लिनक्सवर (विंडोजसारखीच, पण विनामूल्य आणि जिचा स्रोत सर्वांना खुला आहे अशी मुक्त संगणक प्रणाली) शिकवले जाते, तेथून ते काढून टाकण्याचेही ठरले आहे. कारणे तीनच दिली आहेत. विंडोज १० ची मुदत संपली, लिनक्सवर काम होत नाही आणि पालकांना विंडोजच हवे आहे.

मी याच संस्थेच्या एका माध्यमिक शाळेत निवृत्त होईपर्यंत संगणक शिकवला, आणि आज माझी नात संस्थेच्या पंचवटीतील शाळेत सातवीला आहे. ज्या कक्षांबद्दल हा ठराव झाला ते मी आतून पाहिलेले आहेत आणि त्याचा खर्च आमच्याही घरातून जाणार आहे. सचिवांच्या कार्यालयात मी रीतसर अर्ज देऊन पोच घेतली होती. त्याला उत्तर आले नाही, आणि दरम्यान निधीच्या पावत्या फाडायला सुरुवात झाली, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. संस्थेचे नाव मी लिहिलेले नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नाही, आणि सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत अनेक शाळांपुढे आज हाच प्रश्न उभा आहे.

मुदतीपासून सुरुवात करते. २०१५ च्या जुलैत आलेल्या विंडोज १० ला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, हे खरे आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, किमान ४ जीबी रॅम (चालू कामासाठीची स्मृती), ६४ जीबी साठवण आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, हेही खरे. आपल्या कक्षांतले बहुतेक संगणक चौथ्या आणि सहाव्या पिढीचे असल्यामुळे ते या अटींत बसत नाहीत. येथपर्यंत परिपत्रकाशी माझा वाद नाही. परंतु शैक्षणिक संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टनेच तीन वर्षांपर्यंत वाढीव सुरक्षा दुरुस्त्या देऊ केल्या आहेत आणि त्यांचा दर पहिल्या वर्षी प्रति संगणक एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार डॉलर असा जाहीर केला आहे. म्हणजे विंडोजच ठेवायचे ठरवले असते, तरी सगळे संगणक एका फटक्यात मोडीत काढण्याची वेळ आलेली नव्हती. हा पर्याय मंडळाच्या बैठकीत मांडला गेला होता का, आणि मांडला असल्यास तो कोणत्या कारणाने नाकारला, हे पालकांना कळले पाहिजे.

दुसरी तक्रार निर्लेखनाची आहे. सहाव्या पिढीचा प्रोसेसर असलेला संगणक शालेय कामाला आजही पुरेसा आहे. तो रखडतो याचे कारण बहुतेक वेळा त्यातली फिरती हार्डडिस्क असते. तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) लावली, रॅम ८ जीबी केली आणि एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखा हलका डेस्कटॉप (पडद्यावरची मांडणी) असलेली लिनक्स प्रणाली टाकली, तर हाच संगणक आणखी काही वर्षे विनातक्रार चालतो. ४ जीबीवरही प्रणाली चालते, पण ब्राउझरमध्ये पाच-सहा पाने उघडली की दम लागतो, आणि त्याला कोणत्याही प्रणालीची जादू पुरत नाही. म्हणून रॅम वाढवण्याचा खर्च मी आधीच धरते. तो धरूनही एका नव्या संगणकाच्या किमतीत कित्येक जुने संगणक उभे राहतात. परिपत्रकात मात्र ते ‘सर्वाधिक बोली देणाऱ्यास’ विकण्याचे म्हटले आहे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जावा हा त्यांचा रोख आहे. अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार हटवायला या शहराला किती वर्षे आणि किती खटाटोप लागला, हे मंडळाला मी सांगण्याची गरज नाही. शिवाय त्या डिस्कवर मुलांची नावे, जन्मतारखा, गुणपत्रके आणि पालकांचे फोन नंबर आहेत. त्या पुसणार कोण, याबद्दल परिपत्रकात एक ओळही नाही.

आता लिनक्सकडे वळते, कारण ‘लिनक्सवर काम होत नाही’ हे वाक्य या ठरावाचा पाया आहे आणि ते जसे लिहिले आहे तसे चुकीचे आहे. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेला हा प्रणालीचा गाभा आज अँड्रॉइड फोनच्या तळाशी आहे, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पाचशे सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीतले प्रत्येक यंत्र त्यावर चालते. पण या गोष्टी मी पुरावा म्हणून वापरणार नाही. महासंगणकावर जे चालते ते शाळेच्या टेबलावर सोयीचे असेलच असे नाही. सर्व्हरवर लिनक्सने बाजी मारली आणि डेस्कटॉपवर मात्र जगभरात त्याचा वाटा शेकडा चार-पाचच्या आसपास राहिला, याला कारणे आहेत, आणि त्यांकडे डोळेझाक करून केलेली वकिली मुलांच्या कामाची नाही.

कक्षात मात्र मी जे पाहिले ते असे. पेनड्राइव्हमधून येणारे, फोल्डरांचे शॉर्टकट करून ठेवणारे विषाणू विंडोजच्या कक्षात दर आठवड्याचा त्रास होते. लिनक्सच्या कक्षात ते चालतच नव्हते, त्यामुळे तास सुरू होण्याआधी साफसफाई करावी लागत नसे. प्रणाली, कार्यालयीन कामाचे लिबरऑफिस, चित्रांसाठीचे गिंप आणि इंकस्केप, प्रोग्रामिंगची भाषा पायथन, गणिताचे जिओजेब्रा, आकाशदर्शनाचे स्टेलॅरियम हे सगळे एकाच ठिकाणाहून उतरवता येते आणि एकाच आज्ञेने अद्ययावत होते. परवान्याचा प्रश्न नाही. एके काळी आपल्याच कक्षांत परवाना नसलेल्या प्रती टाकल्या जात आणि त्याच कक्षात आम्ही मुलांना सायबर कायद्याचा धडा शिकवत असू, हे मला शिक्षक म्हणून फार जड जात असे. ज्या मुलाला घरी सराव करायचा आहे, त्याला शाळेतली संपूर्ण प्रणाली पेनड्राइव्हवर कायदेशीररीत्या देता येते, आणि ती काहीही न पुसता थेट त्या पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पट्ट्यातून वसतिगृहात राहणाऱ्या, घरी भावाचा सेकंडहँड लॅपटॉप असलेल्या मुलांसाठी ही सवलत मोठी आहे.

मराठीच्या बाबतीतही लिनक्स मागे नाही. आठवीच्या मुली भारतीय भाषांसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘दऱ्याखोऱ्या’ टंकित करताना शिफ्टसह जे दाबून ऱ, मग डी दाबून हलन्त आणि मग य असा क्रम पटकन शिकत. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे उमटतात. भाषा हिंदी राहिली तर तेच अक्षर हिंदी वळणाने येते. हे एकदा दाखवल्यावर मुली स्वतःच्या निबंधातला श निरखून पाहू लागल्या. युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या सामायिक संकेतामुळे हे विंडोजवरही करता येते, हे मान्य. माझे म्हणणे एवढेच की लिनक्सवर मराठीचे अडते हा समज निराधार आहे. आपल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने भारतीय भाषांची सोय असलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियन या लिनक्सच्या प्रकाराच्या आधारावर कधीच तयार केली आहे.

आणि अभ्यासक्रम? बालभारतीच्या अकरावीच्या माहिती तंत्रज्ञानात चित्रकामासाठी गिंप आणि इंकस्केप आहेत, वाणिज्य शाखेसाठी हिशेबाचे जीएनयूखाता आहे. ही सगळी मुक्त साधने आहेत. म्हणजे संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात ज्या साधनांची परीक्षा होते, ती ज्या प्रणालीवर घरच्यासारखी नांदतात, तीच प्रणाली आपण माध्यमिक शाळांतून हद्दपार करत आहोत.

उणिवा मी लपवणार नाही. संस्थेच्या मुख्य कार्यालयातले हिशेब टॅलीवर आहेत आणि टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. मधला थर टाकून ते लिनक्सवर ओढूनताणून चालवण्याचे मार्ग आहेत, पण लेखापरीक्षणाला जाणारे हिशेब अशा जुगाडावर ठेवणे मी कोणालाही सुचवणार नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लागणारे ऑटोकॅड, छपाईवाल्यांचे कोरलड्रॉ, फोटोशॉप यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत, त्यामुळे आपल्या व्यवसाय अभ्यासक्रमाच्या कक्षाला विंडोज लागणारच. ज्यांना दिसत नाही अशा विद्यार्थ्यांचा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. एनव्हीडीए हा पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) स्वतः मुक्त आणि विनामूल्य आहे, पण तो विंडोजवरच चालतो. लिनक्सवरचा ऑर्का चालतो खरा, पण ज्याचा हात एनव्हीडीएवर बसला आहे त्याला कक्ष बदलला म्हणून नव्याने शिकायला लावणे अन्याय होईल. प्रत्येक शाळेत अशा मुलांसाठी एनव्हीडीए असलेले विंडोजचे संगणक राहिलेच पाहिजेत, मग कक्षातले बाकीचे संगणक कोणत्याही प्रणालीवर असोत.

प्रिंटरने आम्हाला खरोखर छळले. कार्यालयांत सर्रास दिसणारा एक लहान लेझर प्रिंटर शाळेत होता. उत्पादकाने लिनक्ससाठी दिलेला त्याचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) जुन्या ३२-बिट भागांवर बेतलेला होता. पहिले पान सुरळीत निघायचे, दुसऱ्या कामाला रांग अडकायची, आणि सेवा बंद करून पुन्हा सुरू केल्याखेरीज पुढचे पान यायचे नाही. प्रश्नपत्रिका छापण्याच्या दिवशी असे झाले की मुख्याध्यापकांचा संयम सुटणे स्वाभाविक होते. याचा धडा सरळ आहे. यंत्र घेण्याआधी ते लिनक्सवर चालते का, हे दुकानात पेनड्राइव्ह लावून पाहावे. आपल्याकडे खरेदीच्या वेळी ते कोणी पाहिलेच नाही, आणि नंतर दोष प्रणालीच्या माथी गेला.

जुन्या प्रश्नपत्रिका आणि सूचनापत्रेही अडतात, कारण ती युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये टंकित केलेली आहेत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर सगळा मजकूर निरर्थक इंग्रजी अक्षरांचा दिसतो, विंडोजवरसुद्धा. वर्डमधल्या गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी लिबरऑफिसमध्ये कधीकधी सरकते, हेही खरे आणि चिडचिड करणारे आहे. त्याखेरीज लिनक्सच्या नावाखाली इतके प्रकार आहेत, उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, त्यात पुन्हा जीनोम, केडीई, सिनॅमन असे वेगवेगळे डेस्कटॉप, की नवख्या शिक्षकाला कशापासून सुरू करावे हेच कळत नाही. एका प्रकारासाठी लिहिलेली सूचना दुसऱ्यावर जशीच्या तशी लागू पडत नाही. विंडोजचा दुरुस्तीवाला कॉलेज रोडच्या कोपऱ्यावर मिळतो, लिनक्सचा जाणकार शोधावा लागतो.

आणि सर्वांचे डोळे असतात म्हणून मुक्त प्रणाली सुरक्षित, हे वाक्यही जपून वापरले पाहिजे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या छोट्या साधनात कोणीतरी चोरवाट घातल्याचे उघड झाले. ते साधन अक्षरशः जगभर वापरले जाते, पण त्याची देखभाल जवळजवळ एकटा स्वयंसेवक करत होता, आणि चोरवाट घालणाऱ्याने मदतनीस म्हणून त्याचा विश्वास दीर्घकाळ कमावला होता. ती सापडली कारण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो हे खटकले आणि त्याला स्रोत तपासता आला. मुक्त प्रणालीचे बळ आणि तिची दुखरी नस या एकाच प्रसंगात दिसते. सगळे वापरतात, सांभाळणारे थोडे असतात.

माझी मुख्य तक्रार नेमकी याच ठिकाणी आहे. आपल्या दोन शाळांतले लिनक्स न चालण्याचे कारण ते सांभाळलेच गेले नाही हे आहे. ज्या शिक्षकांनी ते बसवले त्यांची बदली झाली, पासवर्ड कोणाकडे आहे याची नोंद राहिली नाही, नव्या शिक्षिकांना प्रशिक्षण मिळाले नाही. परवा मी त्यांतल्या एका कक्षात गेले तेव्हा पडद्यावर उबुंटू १८.०४ होते. २०१८ च्या या आवृत्तीचा पाच वर्षांचा नियमित आधार २०२३ मध्येच संपला. पुढच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या, २०.०४, २२.०४, २४.०४, दर दोन वर्षांनी विनामूल्य उपलब्ध झाल्या आणि कोणी त्या टाकल्या नाहीत. त्या शिक्षिकेने मला अगदी प्रामाणिकपणे विचारले, “बाई, हे अपडेट करायचं असतं का?” दोष तिचा नाही. तिला कोणी सांगितलेच नव्हते. ज्या मंडळाला विंडोज १० ची मुदत संपल्याची एवढी चिंता वाटली, त्याच मंडळाच्या कक्षात मुदत संपलेली दुसरी प्रणाली दोन वर्षांहून अधिक काळ तशीच चालू होती, आणि आता तिच्या मंदपणाचे कारण देऊन ती हद्दपार होत आहे. हे मला मान्य नाही.

म्युनिक शहराचे उदाहरण अशा वेळी हमखास पुढे येते, म्हणून त्याविषयीही बोलते. त्या महापालिकेने २००३-०४ मध्ये लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. परतण्यामागे राजकारण होते, कार्यालयांतल्या कुरबुरी होत्या आणि बाहेरून येणाऱ्या दस्तऐवजांची जुळवाजुळवही होती. उलट बाजूला केरळ आहे. तेथे २००१ च्या सुमारास सुरू झालेल्या आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्पातून आणि पुढे काइट या संस्थेतून सरकारी व अनुदानित शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आल्या आणि टिकल्या, दहावीची प्रात्यक्षिक परीक्षाही त्यावरच होते. तेथे शाळांसाठी प्रणालीची स्वतःची आवृत्ती बनवली गेली, पुस्तके त्याच साधनांवर लिहिली गेली आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाला खंड पडू दिला नाही. जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपल्या कारभारातले सुमारे तीस हजार संगणक लिबरऑफिसवर आणि पुढे लिनक्सवर नेण्याचे जाहीर केले आहे. ही उदाहरणे मी कोणाची बाजू घेण्यासाठी देत नाही. कोणतीही प्रणाली माणसे तयार केल्याशिवाय तगत नाही, एवढे त्यांतून निश्चित दिसते, आणि आपल्या ठरावात माणसांवरच्या खर्चाची तरतूदच नाही. नवे संगणकही याच हेळसांडीच्या वाटेने जातील अशी मला भीती आहे.

पालकांना विंडोज हवे आहे, या म्हणण्यामागे नोकरीची काळजी आहे, आणि ती मी हलकी लेखत नाही. एमएस-सीआयटीपासून जाहिरातीतल्या अटींपर्यंत सर्वत्र विंडोज आणि एमएस ऑफिसचेच नाव असते. परंतु आपली मुले नोकरीला लागतील तेव्हा आजच्या आवृत्तीचे बटण त्या जागी असणार नाही. ज्या मुलाने दोन प्रणाली हाताळल्या आहेत, फाइल कुठे साठते, परवानगी म्हणजे काय, प्रोग्राम कुठून येतो हे ज्याला दोन्हीकडे सापडते, त्याला तिसरीची भीती वाटत नाही. शिवाय पालकांना विचारले कधी? आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर नव्हता.

म्हणून मंडळाकडे माझ्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडते. संगणक विकण्याची प्रक्रिया आणि संगणक निधीची वसुली तूर्त थांबवावी, आणि भरलेला निधी पुढील निर्णयापर्यंत स्वतंत्र खात्यात ठेवावा. प्रत्येक संगणकाची तपासणी करून जो एसएसडी आणि रॅम बदलून चालतो तो ठेवावा. जो खरोखर निकामी आहे तो डिस्क पुसून, तसा लेखी दाखला घेऊन, नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावा. कार्यालयीन हिशेब, व्यवसाय अभ्यासक्रम आणि दृष्टिहीन विद्यार्थी यांच्यासाठी परवानाधारक विंडोज जरूर घ्यावे. पाचवी ते दहावीच्या कक्षांत मात्र एकच दीर्घ मुदतीची लिनक्स आवृत्ती सर्व शाळांत सारखी ठेवावी, म्हणजे एका शाळेतला अनुभव दुसरीला उपयोगी पडेल, आणि एक सत्र चालवून शिक्षकांचे लेखी मत घ्यावे. दोन शाळांमागे किमान एका शिक्षकाला देखभालीचे प्रशिक्षण द्यावे आणि त्या कामाचे तास त्याच्या वेळापत्रकात धरावेत. पासवर्ड, आवृत्ती आणि अद्ययावत केल्याची तारीख यांची नोंदवही मुख्याध्यापकांच्या ताब्यात असावी. यापुढे प्रिंटर, स्कॅनर घेताना दोन्ही प्रणालींवर चालवून पाहिल्याशिवाय बिल मंजूर करू नये. जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणण्याचे काम सुट्टीत हाती घ्यावे.

या कामासाठी मी आणि संस्थेतून निवृत्त झालेले माझे काही सहकारी विनामोबदला वेळ द्यायला तयार आहोत. तपासणीचे वेळापत्रक कळवल्यास आम्ही कक्षात हजर राहू. मंडळाच्या पुढील बैठकीच्या कार्यपत्रिकेत हा विषय घेऊन पालक प्रतिनिधींना बोलावावे आणि झालेला निर्णय कारणांसह सर्व शाळांच्या सूचनाफलकावर लावावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त संगणक शिक्षिका आणि पालक
पंचवटी, नाशिक